पॅकेट कुठवर पोचलं?

व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरचं, नेट गेलं की बहुतेक जण आधी त्या मशीनच्या आत शिरतात. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलून बघतात, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलतात, नेटवर्क कार्डाचा प्रकार बदलतात, मग मशीन रीस्टार्ट, मग होस्ट, म्हणजे ते मशीन ज्यावर चालतं तो खरा कॉम्प्युटरच, रीस्टार्ट. यातलं काहीतरी कधी कधी लागूही पडतं. पण कशामुळे लागू पडलं ते कळत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत तेच दुखणं परत डोकं वर काढतं. फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा सर्व्हर मी फावल्या वेळात सांभाळतो. तिथे ही दुखणी एकामागून एक भेटली आणि एकच सवय कामाला आली: सेटिंगला हात लावायच्या आधी पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा एकेक तुकडा, कुठवर पोचतं आणि कुठे गायब होतं ते डोळ्यांनी बघायचं.

सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही. साधा डेस्कटॉप, भरपूर रॅम घातलेला, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम. केव्हीएम २००७ पासून, म्हणजे २.६.२० पासून, लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे, त्यामुळे वेगळा परवाना विकत घ्यायचा प्रश्न नाही. वाचनालयाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. वर दोन व्हर्च्युअल मशीन. एकात कोहा, ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर, जे न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, २००० मध्ये तिथे सुरू झालं आणि आज जगभर वापरात आहे. दुसऱ्यात विंडोज ७, कारण दाखलनोंदीचा जुना प्रोग्राम तिथेच चालतो आणि त्यातल्या सगळ्या नोंदी कोहात आणून होईपर्यंत तो जिवंत ठेवणं भाग आहे.

लिबव्हर्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवलं की एक तयार नेटवर्क मिळतं, त्याचं नाव डीफॉल्ट. होस्टवर एक आभासी ब्रिज, म्हणजे नेटवर्क कार्डं एकत्र जोडणारा सॉफ्टवेअरचा स्विच, उभा राहतो, त्याचा पत्ता १९२.१६८.१२२.१, आणि डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम गेस्टना, म्हणजे होस्टवरच्या व्हर्च्युअल मशीनना, त्याच मालिकेतले आयपी वाटतो. गेस्टचं पॅकेट बाहेर जाताना होस्ट त्यावर स्वतःचा पत्ता घालतो, म्हणजेच नॅट. कोहाचं मशीन पहिल्यांदा असंच चालू केलं. आतून सगळं सुरळीत, अपडेट येतात, पुस्तकांच्या नोंदी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सर्व्हरवरून ओढता येतात. (मराठी पुस्तकांच्याही नोंदी तिथे बऱ्याच सापडतात, फक्त रोमन लिपीत असतात आणि देवनागरीत कराव्या लागतात.) पण देवघेवीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून कोहा काही उघडेना.

हा बिघाड नव्हेच. नॅटचा स्वभावच तो आहे. आतून बाहेर वाट असते, बाहेरून आत नसते. होस्टवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे होस्टकडे आलेली विचारणा गेस्टकडे वळवून, चालवता आलं असतं. पण वाचनालयात येणारी पोरं मोबाइलवरून पुस्तक आहे का ते बघणार, उद्या वरच्या मजल्यावर आणखी एक कॉम्प्युटर लागणार, तेव्हा कोहाला राउटरच्या जाळ्यातलाच पत्ता हवा होता. म्हणजे होस्टचं खरं नेटवर्क कार्ड आणि गेस्टचं आभासी कार्ड एकाच ब्रिजवर आणायचं.

आणि सर्व्हर होता वायफायवर.

इमारत जुनी, चिऱ्यांची. पुढे देवघेवीचं टेबल आणि राउटर, मधे सभागृह, मागे पुस्तकांची खोली आणि तिथे सर्व्हर. भिंती हातभर जाड, केबल न्यायची म्हणजे भिंतीला भोक पाडावं लागणार, म्हणून कुणीतरी आधी यूएसबी वायफाय लावून दिलेलं. वायफायचं कार्ड ब्रिजमध्ये घालायला गेलो तर कर्नलने सरळ नकार दिला, ऑपरेशन नॉट सपोर्टेड. इथे अनेकांना वाटतं की ड्रायव्हर खराब आहे, आणि मग दुसरा ड्रायव्हर, दुसरं कार्ड असं सुरू होतं. कारण वेगळं आहे. वायफायच्या ८०२.११ मानकात ग्राहक म्हणून जोडलेलं यंत्र अ‍ॅक्सेस पॉइंटकडे (इथे राउटरकडे) जी फ्रेम, म्हणजे पॅकेट गुंडाळलेलं पाकीट, पाठवतं, तिच्यात तीनच पत्ते असतात: अ‍ॅक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्याचा आणि जिथे पोचवायचं त्याचा. पाठवणारा आणि रेडिओवरून बोलणारा एकच, असं त्यात गृहीत असतं. गेस्टचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, वेगळा. त्या मॅकने कधी अ‍ॅक्सेस पॉइंटशी ओळखदेख केलेली नसते, म्हणून त्याची फ्रेम तो टाकून देतो. चार पत्त्यांची फ्रेम असते, पण ती दोन्ही बाजूंना चालावी लागते आणि घरगुती राउटर सहसा ती चालू देत नाहीत. मॅकव्हीटॅप, म्हणजे ब्रिजविना गेस्टला थेट कार्डाशी जोडायची रीत, वापरलं तरी वायफायवर हीच भिंत आडवी येते.

मी समितीच्या सचिवांना, निवृत्त मास्तर ते, सांगितलं की केबल ओढल्याशिवाय हे होणार नाही. त्यांनी एकच विचारलं, ‘भिंतीला एकदाच भोक पाडायचं ना?’ गवंड्याला बोलावून सभागृहाच्या छपराखालून केबल नेली. बाहेरून अंगणातून नेणं सोपं होतं, पण वळवाच्या पावसात विजा कशा पडतात ते गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल दोन्ही टोकांची पोर्टं घेऊन जाते. आतून नेली याचं मला अजूनही समाधान आहे.

ब्रिज उभा करताना एक गोष्ट सांभाळावी लागते. होस्टचा आयपी आता कार्डावर नको, ब्रिजवर हवा. कार्ड नुसतं ब्रिजचं एक पोर्ट उरतं. दोन्हीकडे आयपी ठेवला तर कधी पॅकेट इकडून जातं कधी तिकडून, आणि माणूस भूतबाधा झाल्यासारखा शोधत बसतो. हे काम घरून एसएसएचने, म्हणजे दुरून मशीन चालवायच्या जोडणीने, करू नये, सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसावं, कारण मधेच जोडणी तुटतेच. बदल झाल्यावर कोहाच्या मशीनला राउटरच्या जाळ्यातला एक पक्का पत्ता दिला, काउंटरवर कोहा उघडलं, आणि काही महिने कुणाची तक्रार नव्हती.

मग मे महिन्याच्या शेवटी ग्रंथपाल ताईंचा फोन. काउंटरवर कोहा उघडत नाही, बाहेरून नोंदी ओढता येत नाहीत. आदल्या रात्री जोरदार वळीव झालेला, राउटरचा प्लग काढून ठेवलेला, सकाळी परत लावलेला. सगळ्यांचा संशय राउटरवर. फायबरवाल्याला फोन करून झाला होता. मी पोचलो तेव्हा तिथे फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा, वाचनालयाला हौसेने मदत करणारा मुलगा बसलेला होता. तो म्हणाला, ‘दादा, एक विचित्र आहे. सर्व्हरवर ब्राउझर उघडला तर कोहा दिसतंय. काउंटरवरून दिसत नाही.’

हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. होस्टवरून दिसतंय म्हणजे गेस्ट जिवंत आहे, कोहा चालू आहे, गेस्टचं कार्ड ब्रिजला जोडलेलं आहे. काउंटरचा कॉम्प्युटर राउटरला पोचतोय आणि त्याचं नेटही चालू आहे. म्हणजे राउटर निर्दोष. उरला तो टप्पा एकच: ब्रिजच्या एका पोर्टातून आत येऊन दुसऱ्या पोर्टातून बाहेर पडणं.

तरी अंदाजावर सोडायचं नाही म्हणून कोहाच्या कन्सोलमध्ये शिरलो. आयपी जागेवर. होस्टला पिंग (‘आहेस का?’ असं विचारणारं छोटं पॅकेट), उत्तर लगेच. राउटरला पिंग, शांतता. मग शेजाऱ्यांची यादी काढली, म्हणजे कोणत्या आयपीचा मॅक पत्ता गेस्टला ठाऊक आहे ते. त्यात राउटरचा मॅक व्यवस्थित होता! मुलगा चक्रावला. राउटर उत्तर देत नाही तर त्याचा मॅक कळला कसा?

इथेच सगळं उलगडतं. मॅक शोधायचं काम एआरपी करतो, आणि एआरपी म्हणजे आयपीचं पॅकेट नव्हे. एआरपी जातो, उत्तर घेऊन येतो, पण आयपी जात नाही. म्हणजे केबल, ब्रिज, कार्ड सगळं ठीक आहे आणि मधे कुणीतरी असं बसलंय ज्याला फक्त आयपीची पॅकेट दिसतात. असा एकच असतो, फायरवॉल, म्हणजे पॅकेट सोडायचं की अडवायचं ते ठरवणारा पहारेकरी.

पुरावा डोळ्यांसमोर आणायला होस्टवर दोन खिडक्या उघडल्या. एकीत टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) गेस्टच्या टॅपवर, म्हणजे गेस्टच्या कार्डाचं होस्टकडचं टोक असलेल्या व्हीनेट० वर. लिबव्हर्टमध्ये कोणत्या गेस्टचा टॅप कोणता ते व्हर्शच्या डॉमइफलिस्ट या आज्ञेने कळतं, आणि गेस्टचा मॅक ५२:५४:०० ने सुरू होत असल्याने ओळखायलाही सोपा. दुसरीत टीसीपीडम्प खऱ्या कार्डावर. गेस्टमधून राउटरला पिंग लावून ठेवलं. पहिल्या खिडकीत दर सेकंदाला एक ओळ, एको रिक्वेस्ट, एको रिक्वेस्ट. दुसऱ्या खिडकीत अधूनमधून एआरपी, बाकी काही नाही. पॅकेट होस्टमध्ये शिरलं आणि बाहेर पडलं नाही. मुलाला म्हटलं, आता आयपीटेबल्सची (लिनक्सच्या फायरवॉलची) फॉरवर्ड चेन, म्हणजे होस्टमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांची यादी, आकड्यांसह दाखव. वरच्याच ओळीत होतं: पॉलिसी ड्रॉप, म्हणजे कुठल्याच नियमात न बसणारं पॅकेट टाकून द्या, आणि पुढे पॅकेटांचा आकडा. परत परत ती आज्ञा चालवली तर तो आकडा पिंगच्या तालावर वाढत होता.

‘काल काही नवीन बसवलंस का?’ असं विचारल्यावर त्याचा चेहरा उतरला. वाचनालयाच्या जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं स्कॅन करून ठेवली आहेत, ती सगळ्यांना बघता यावीत म्हणून त्याने एक चित्रांचा प्रोग्राम डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत (कंटेनरांत) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लावला होता. काम चांगलं होतं आणि त्याने ते नीटच केलं होतं. मी त्याला तसं सांगितलंही. डॉकर आणि ब्रिजवरची व्हर्च्युअल मशीन एका होस्टवर आली की हे होतं, हे ज्याला माहीत नाही त्याला ते कळणार तरी कुठून?

होतं काय, तर २०१७ च्या जानेवारीत आलेल्या डॉकर १.१३ पासून डॉकर सुरू होताना सहसा फॉरवर्ड चेनची पॉलिसी ड्रॉप करतं. हेतू सुरक्षेचा आहे, होस्टच्या वाटेने बाहेरच्या वाटेल त्याने कंटेनरपर्यंत पोचू नये. पण ब्रिजवरून जाणारी फ्रेम ही राउटिंगची गोष्टच नाही, ती आयपीटेबल्समध्ये जावीच का? त्याला कारण बीआर-नेटफिल्टर हे कर्नल मॉड्यूल. ते चढलेलं असलं आणि त्याची कॉल-आयपीटेबल्स ही खूण १ असली की ब्रिजवरून जाणारी आयपीची पॅकेटही फॉरवर्ड चेनमधून फिरवली जातात. डॉकरला कंटेनरांमधल्या रहदारीवर नियम लावायला हे लागतं, म्हणून ते मॉड्यूल चढवतं. वाचनालयात या दोन्ही गोष्टी एका संध्याकाळी झाल्या. गेस्ट ते होस्ट मात्र चालत राहिलं, कारण ते पॅकेट फॉरवर्ड होत नाही, होस्टच्या इनपुट चेनमध्ये जातं. लिबव्हर्टच्या डीफॉल्ट नॅट नेटवर्कवरचं मशीनही डेबियन १२ वर चालत राहतं, कारण लिबव्हर्ट स्वतःचे परवानगीचे नियम फॉरवर्ड चेनमध्ये आधीच घालून ठेवतं. मार आपल्या हाताने केलेल्या ब्रिजला बसतो, कारण त्याच्यासाठी कुणी नियम घातलेला नसतो.

उपाय दोन. ती खूण ० करायची, म्हणजे ब्रिजची पॅकेट आयपीटेबल्सकडे जाणारच नाहीत. हा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण त्याने कंटेनरांच्या आपसातल्या बंधनांवरही पाणी पडतं. मला दुसरा पटतो. डॉकर-यूजर नावाची चेन डॉकरने आपल्यासाठीच मोकळी सोडलेली आहे. तिच्यात सर्वांत वर एक नियम: आमच्या ब्रिजमधून आलेलं आणि त्याच ब्रिजमधून जाणारं पॅकेट स्वीकारा. मुलाने तो नियम टाइप केला, एंटर मारलं आणि दुसऱ्या खिडकीत एको रिक्वेस्टच्या मागोमाग एको रिप्लाय दिसू लागले. पुढच्या खोलीतून ताईंचा आवाज, ‘उघडलं हो!’

एवढ्यावर उठायचं नाही. आयपीटेबल्सचा हाताने घातलेला नियम होस्ट बंद झाला की जातो. डॉकरनंतर चालेल असं छोटं सिस्टमडी युनिट, म्हणजे होस्ट उठताना आपोआप चालणारं काम, केलं, आणि मग मुद्दाम सगळं रीबूट करून पाहिलं. पावसाळ्यात वीज जाणार, यूपीएस संपणार आणि सर्व्हर कुणी समोर नसताना स्वतःच उठणार. तेव्हा त्याचं त्याला उठता आलं पाहिजे.

ज्यांच्याकडे नवीन डिस्ट्रिब्युशन आहे त्यांच्यासाठी थोडं पुढचं. २०२४ मध्ये आलेल्या लिबव्हर्ट १०.४ पासून लिबव्हर्ट आपले नियम एनएफटेबल्समध्ये (आयपीटेबल्सच्या जागी आलेल्या नव्या फायरवॉलमध्ये), स्वतःच्या वेगळ्या टेबलात घालू शकतं. तसं असेल तर डॉकर आल्यावर डीफॉल्ट नॅटवरची मशीनही आंधळी होतात. गेस्टला आयपी मिळतो, होस्टला पिंग जातं, बाहेर काही जात नाही. लिबव्हर्टच्या टेबलात परवानगी दिसते आणि माणूस गोंधळतो. एनएफटेबल्समध्ये एका टेबलाने स्वीकारलेलं पॅकेट त्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या टेबलातून टाकलं जाऊ शकतं. स्वीकार शेवटचा नसतो, ड्रॉप शेवटचा असतो. तिथे लिबव्हर्टच्या नेटवर्क डॉट कॉन्फ या फाइलमध्ये फायरवॉल बॅकएंड आयपीटेबल्स करून सेवा पुन्हा सुरू करावी, किंवा डॉकर-यूजर चेनमध्ये त्या ब्रिजला येण्याजाण्याची परवानगी द्यावी. आणि नियम परत चढवण्यासाठी डीफॉल्ट नेटवर्क बंद करून चालू करण्याची घाई करू नये. ते बंद करताना चालू गेस्टचे टॅप ब्रिजवरून सुटतात, आणि नेटवर्क परत आलं तरी गेस्ट लोंबकळत राहतात. सेवा रीस्टार्ट करणं बरं.

विंडोज ७ च्या मशीनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते पहिल्यांदा आणलं तेव्हा त्यात नेटवर्क कार्डच दिसत नव्हतं, कारण लिबव्हर्टने कार्डाचा प्रकार व्हर्टआयओ ठेवलेला आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसतो. प्रकार ई१००० केला की विंडोज ७ ते आपणहून ओळखतं. पण त्याला इंटरनेट दिलंच नाही. त्या आवृत्तीचे मोफत सुरक्षा अपडेट २०२० च्या जानेवारीत थांबले. लिबव्हर्टमध्ये बाहेरची वाट नसलेलं बंदिस्त नेटवर्क करता येतं. विंडोज त्यावर, होस्टवरची एक सामायिक फाइल-जागा त्याला दिसते, बस. ताईंना एकदा त्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला आणि त्या घाबरल्या. तो आयपी म्हणजे विंडोजला कुणी पत्ता दिला नाही म्हणून त्याने आपल्या मनाने घेतलेला. बंदिस्त नेटवर्कचा डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटणारा प्रोग्राम, चालू करायचा राहिला होता, केला.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो बॅकअपने, आणि या प्रकारचं दुखणं मी सगळ्यांत वाईट मानतो, कारण त्यात सगळं अर्धवट चालतं. वाचनालयाचा डेटा रोज रात्री समितीच्या एका सदस्याच्या म्हापशाच्या घरी जावा अशी योजना होती. होस्टवर वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खाजगी वाट), पलीकडे त्यांच्या घरी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, आणि त्याच्यामागे त्यांच्या घरच्या जाळ्यात साठवणीचा डबा. कोहाच्या मशीनमधून त्या डब्याला पिंग जायचं. एसएसएचने जोडायला गेलं की सुरुवात व्हायची आणि किल्ल्यांची देवाणघेवाण होताना थिजायचं. होस्टवरून तेच केलं तर लख्ख चालायचं. पासवर्ड, किल्ल्या, डब्याची डिस्क, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

लहान पॅकेट जातं, मोठं अडतं, अशी चिन्हं दिसली की मी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटच्या आकाराची मर्यादा, तपासतो. साध्या इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटची मुभा असते. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटवर आपलं वेष्टन चढवतं, म्हणून त्याच्या इंटरफेसचा एमटीयू सहसा १४२० असतो. तपासायची रीत सोपी: पॅकेटचे तुकडे करू नका असं सांगून वेगवेगळ्या आकाराचं पिंग पाठवायचं. पिंगला दिलेल्या आकड्यात आयपी आणि आयसीएमपी (पिंग ज्या भाषेत बोलतं ती) यांच्या मथळ्यांचे २८ बाइट मिळवायचे. गेस्टमधून १३९२ पाठवलं, उत्तर आलं. १३९३ पाठवलं, काहीच नाही. १३९२ अधिक २८ म्हणजे बरोबर १४२०. अडण्याची जागा सापडली.

पण हे अडायला नको होतं. पॅकेट मोठं असलं तर होस्टने गेस्टला आयसीएमपीचा निरोप द्यायचा असतो की एवढं मोठं पुढे जाणार नाही, १४२० चं कर. गेस्ट तो ऐकतो आणि पॅकेट लहान करतो. १९९० पासून ही रीत ठरलेली आहे. मग निरोप जात नव्हता का? टीसीपीडम्प परत व्हीनेट० वर लावला. गेस्टकडून १४२१ चं पॅकेट आलं, आणि होस्टकडून लगेच उलट ओळ: अनरीचेबल, नीड टु फ्रॅग, एमटीयू १४२०. निरोप गेस्टच्या दारापर्यंत बिनचूक जात होता. गेस्टच्या आतच कुठेतरी तो मरत होता. गेस्टची फायरवॉल उघडली तर तिथे नियम होता की पिंग तेवढं येऊ द्या, बाकी सगळं आयसीएमपी टाका. कुठल्या तरी ‘सर्व्हर सुरक्षित कसा करावा’ यादीतून आलेला. त्या यादीने मशीन सुरक्षित होत नाही, बहिरं होतं. आयसीएमपी म्हणजे नुसतं पिंग नव्हे. ते रस्त्यातल्या यंत्रांचं एकमेकांशी बोलणं आहे, आणि ते सरसकट बंद करण्याच्या मी ठाम विरोधात आहे.

होस्टवरून का चालत होतं याचंही उत्तर यातच आहे. होस्टचा स्वतःचा इंटरफेस १४२० चा, त्यामुळे टीसीपीची (पोच घेत डेटा पाठवण्याच्या रीतीची) जोडणी करतानाच तो पलीकडच्याला सांगतो की १३८० (१४२० मधून मथळ्यांचे ४० वजा) पेक्षा मोठा तुकडा पाठवू नकोस, आणि स्वतःही तेवढाच पाठवतो. गेस्टला मात्र आपण १५०० च्या जाळ्यात आहोत एवढंच दिसतं, आणि पलीकडचा डबाही १५०० च्या जाळ्यात. दोघेही १४६० वर राजी होतात आणि मधल्या अरुंद जागेची दोघांनाही कल्पना नसते.

गेस्टच्या फायरवॉलमध्ये त्या निरोपाला वाट दिली. शिवाय होस्टवर, बोगद्यातून जाणाऱ्या टीसीपीच्या पहिल्या पॅकेटातला आकडा वाटेच्या मापाने कमी करणारा नियम घातला, ज्याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. दोन्ही कशाला, असं मुलाने विचारलं. क्लॅम्पिंग फक्त टीसीपीला लागू पडतं, यूडीपीवर, म्हणजे पोच न घेता पाठवण्याच्या रीतीवर, चालणाऱ्या गोष्टींना निरोपच लागतो. उलट, वाटेत कुणा तिसऱ्याने निरोप अडवले तर क्लॅम्पिंग वाचवतं. ब्रिजमधून बोगद्यात जाण्याची परवानगीही त्याच डॉकर-यूजर चेनमध्ये द्यावी लागली, हे आता त्याला सांगावं लागलं नाही.

शेवटचं दुखणं त्यानेच शोधलं. कोहाची नवी आवृत्ती आधी वेगळीकडे चालवून बघायची म्हणून त्याने एक उबुंटूचं मशीन तयार केलं आणि त्याची नक्कल करून दुसरं. दोन्ही डीएचसीपीवर. एक चालू असलं की ठीक, दुसरं चालू केलं की दोन्ही कधी दिसणार कधी नाही. त्याचा रात्री फोन आला, ‘दादा, आर्पिंग, म्हणजे एआरपीचं पिंग, लावून बघितलं. एकाच आयपीला दोन वेगवेगळे मॅक उत्तर देतायत.’ तोवर निदान झालंच होतं. नक्कल करताना मॅक बदलला होता, पण मशीन-आयडी, म्हणजे आतल्या लिनक्सचा ओळख-क्रमांक, तोच राहिला होता. उबुंटूचा सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीकडे पत्ता मागताना ओळख म्हणून मॅक सांगत नाही, मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख सांगतो. राउटरला दोन्ही मशीन एकच वाटली आणि त्याने दोघांना एकच आयपी दिला. नकलेतली मशीन-आयडीची फाइल रिकामी करून रीबूट केलं की नवी ओळख तयार होते आणि पत्ता वेगळा मिळतो. आता तो नकलेवर पहिल्यांदा चालू करण्याआधी व्हर्ट-सिसप्रेप चालवतो, ते मशीन-आयडी, एसएसएचच्या होस्ट-किल्ल्या, जुने लॉग असं सगळं पुसून देतं. एवढंच सांभाळायचं की ते बंद असलेल्या मशीनवरच चालवायचं. चालू मशीनच्या डिस्कवर चालवलं तर डिस्कवरची फाइलप्रणाली बिघडू शकते.